फुकटची पहिली भेट, राहून गेलेला शेवटचा आठवडा

पुण्यात घरांचं इंटीरियर करणाऱ्या एका डिझायनर बाईंचं हे प्रकरण. व्यवसायाला नऊ वर्षं झालेली, कोथरूडमध्ये छोटा गाळा, हाताखाली ड्रॉइंग आणि थ्री-डी (काम झाल्यावर घर कसं दिसेल याची संगणकावरची चित्रं) करणारी एक ज्युनिअर, एक साइट सुपरवायझर आणि ठरलेले दोन सुतार ठेकेदार. किचन आणि वॉर्डरोबचे बॉक्स बाहेरच्या कारखान्यातून कापून येतात, बाकीचं काम साइटवर होतं. बहुतेक घरं टू-बीएचके. काही रावेत-पुनावळे पट्ट्यातल्या नव्या टॉवरमधली, काही बाणेर-बालेवाडीतली, आणि अलीकडे कोथरूडमधल्या रीडेव्हलपमेंट झालेल्या सोसायट्यांमधली. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अशा छोट्या व्यावसायिकांचे हिशेब मी बघतो. २०२५च्या जूनमध्ये त्यांनी मला जे विचारलं ते मात्र हिशेबाबद्दल नव्हतं. मार्केटिंग वाढवायचंय, ओळखीचं कुणी चांगलं आहे का? तेव्हा त्या एका एजन्सीला इन्स्टाग्राम सांभाळायचे महिना १८,००० रुपये देत होत्या. शिवाय घरमालकांचे नंबर पुरवणाऱ्या एका पोर्टलचं वर्षाचं पॅकेज घेतलेलं होतं. तक्रार अशी की फोन दिवसभर वाजतो पण काम ठरत नाही, हातातल्या साइट लांबल्यात, आणि खात्यात पैसा टिकत नाही. या तीन तक्रारी त्या वेगवेगळ्या मांडत होत्या. मला तेव्हाच शंका होती की या तिन्हींचं मूळ एकच आहे, पण ते नेमकं कुठे आहे हे वही बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

चौकश्यांची वही

वही नव्हतीच. ज्युनिअरने व्हॉट्सॲप आणि कॉल लॉग चाळून जानेवारी ते मे या पाच महिन्यांच्या चौकश्या एका शीटमध्ये उतरवल्या. एकूण ९४ निघाल्या. पोर्टलवरून ३८, इन्स्टाग्रामवरून २९, जुन्या ग्राहकांनी पाठवलेल्या ११, चालू साइटच्याच इमारतीतल्या ९, आणि गूगलवर शोधून आलेल्या ७.

यातल्या ४१ घरी त्या प्रत्यक्ष जाऊन आल्या होत्या. २७ जणांना थ्री-डी आणि कोटेशन करून दिलं होतं. काम मिळालं ६ घरांचं. त्यातली तीन जुन्या ग्राहकांच्या सांगण्यावरून, दोन त्याच इमारतीतली आणि एक गूगलवरून. पोर्टल आणि इन्स्टाग्राम मिळून ६७ चौकश्या, त्यातून एकही नाही.

इथपर्यंत कुणीही म्हणेल, पोर्टल बंद करा. पण पोर्टलचे पैसे हा छोटा तोटा होता, मोठा तोटा तासांचा होता. एक भेट म्हणजे जाणं-येणं, मोजमापं, चहा आणि "आम्हाला अजून नक्की ठरवायचंय" हे ऐकणं धरून साधारण तीन तास. थ्री-डी आणि कोटेशनला ज्युनिअरचे आणि त्यांचे मिळून आठ तास. पोर्टल-इन्स्टाग्रामवाल्या २७ भेटी आणि १७ कोटेशनं यांचाच हिशेब केला तर २१७ तास होतात. पाच महिन्यांत एवढे तास अशा लोकांवर गेले ज्यांच्यापैकी एकानेही रुपया दिला नाही. त्यांतल्या काहींनी बाईंचंच थ्री-डी दाखवून परस्पर सुताराकडून काम करून घेतलं, हे नंतर कळलं. या धंद्यात त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

इन्स्टाग्रामबद्दल मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. जुन्या ग्राहकांच्या सांगण्यावरून काम दिलेल्या तिघांपैकी दोघांनी फोन करायच्या आधी बाईंचं पान बघितलं होतं. म्हणजे ते पान निरुपयोगी नव्हतं. नाव आधीच ऐकलेला माणूस खात्री करायला तिथे जातो. पण खात्री करून घ्यायला तिथे होतं काय? एजन्सीने टाकलेल्या परदेशी बेडरूमच्या फोटोंवरची सुविचारवजा वाक्यं, आणि सणावारांच्या शुभेच्छा. संकष्टीच्या पोस्टला लाइक उत्तम येत. त्यांनी स्वतः केलेल्या घरांचे फोटो नऊ वर्षांत जेमतेम चार घरांचे होते.

फोटो का नव्हते

या प्रश्नाच्या उत्तरात सगळं प्रकरण सापडलं.

घर पूर्ण होतं म्हणजे काय, हे या धंद्यात कधीच नीट ठरलेलं नसतं. ९५ टक्के काम झालं की सुतार पुढच्या साइटवर सरकतो. एका ड्रॉवरचं चॅनेल अडकतंय, लॉफ्टच्या एका शटरला हँडल नाही, टीव्ही युनिटच्या मागचा पॉइंट चुकलाय, पेंटरचा शेवटचा हात राहिलाय. प्रत्येक काम अर्ध्या तासाचं, पण त्यासाठी माणूस पाठवणं म्हणजे दिवस मोडणं. तोवर घरमालकांचा भाडेकरार संपत आलेला असतो, ते खोकी घेऊन राहायला येतात. आता फोटो काढायचे तर ओट्यावर मिक्सर, सोफ्यावर इस्त्रीचे कपडे. फोटो राहतात. हँडल नसल्यामुळे शेवटचा १० टक्क्यांचा हप्ताही राहतो. नऊ लाखांच्या कामात ते ९०,००० रुपये होतात, आणि तेव्हा अशी तीन घरं अडकलेली होती. तिसरी गोष्ट कुठल्याच शीटमध्ये येत नाही. शेजारी घर बघायला आला की मालक म्हणतो, "काम छान आहे हो, पण शेवटी जरा लोंबकळत ठेवतात." ज्या माणसाकडून पुढचं काम येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच्या तोंडी हे वाक्य.

आणि त्याच आठवड्यात बाई कुठे होत्या? पुनावळ्यात, पोर्टलवरून आलेल्या अनोळखी माणसाच्या मोकळ्या फ्लॅटमध्ये, टेप घेऊन.

त्यांना मी एवढंच सुचवलं की अनोळखी माणसाच्या पहिल्या भेटीतले तास काढायचे आणि ओळखीच्या ग्राहकाच्या शेवटच्या आठवड्यात घालायचे. बाकी जे काही केलं ते याच्याच अनुषंगाने.

आधी किती घरं झेपतात ते

मार्केटिंगवाले विचारतात, महिन्याला किती लीड, म्हणजे चौकश्या, हव्यात. प्रश्न उलट्या टोकाचा आहे. एका सुपरवायझरच्या जिवावर एका वेळी चार साइट नीट चालतात, पाचवी आली की सगळ्याच घसरतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. ड्रॉइंग पक्कं झाल्यापासून किल्ली देईपर्यंत टू-बीएचकेला साडेतीन महिने. म्हणजे वर्षाला तेरा-चौदा घरं, आणि दिवाळीनंतरचा सुटीचा काळ वगळला तर बारा-तेरा. पाच महिन्यांत सहा कामं मिळालीच होती. त्या वेगाने वर्षाची चौदा झाली असती.

कामाचा तुटवडा नव्हताच. तुटवडा वाटत होता, कारण शेवटचे हप्ते अडकलेले होते आणि खातं रिकामं दिसलं की माणूस नव्या ॲडव्हान्सच्या मागे धावतो. नव्या माणसाचा ॲडव्हान्स जुन्या साइटच्या प्लायमध्ये जातो, आणि चक्र फिरत राहतं. हे समजल्यावर बाई काही वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे मी एजन्सीला पैसे देत होते ते माझाच वेळ खायला."

जरा कठोर वाक्य आहे, पण आकडे त्यांच्या बाजूने होते.

तीन हजार रुपये

पहिला बदल सगळ्यात अवघड होता. पहिली भेट सशुल्क करायची. ३,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, काम ठरलं तर ही रक्कम डिझाइन फीमधून वजा. आणि भेटीच्याही आधी फोनवर पंधरा मिनिटं बोलायचं, ते दुपारी चार ते सहा याच वेळेत. पझेशन कधी आहे, कार्पेट एरिया किती, कोणत्या तारखेला राहायला जायचंय, खर्चाचा अंदाज काय, आणि निर्णय कोण घेणार? शेवटचा प्रश्न विचित्र वाटतो, पण मुलगा बंगळुरूला, फ्लॅट त्याच्या नावावर आणि सगळं बोलणं बाबांशी, अशा घरात कोटेशन तीनदा बदलतं.

विरोध अपेक्षेप्रमाणे झाला. "समोरचे लोक थ्री-डी फुकट देतात." खरंच देतात. मोठ्या कंपन्या ते देऊ शकतात, कारण त्यांच्याकडे विक्रीसाठी वेगळी माणसं असतात आणि त्यांचा खर्च पुढे कोटेशनमध्येच असतो. एका माणसाच्या व्यवसायात विक्री करणारी व्यक्ती आणि डिझाइन करणारी व्यक्ती एकच असते. तिने फुकट दिलेला तास चालू ग्राहकाच्या खिशातून जातो.

फोनवर काय बोलायचं हे लिहून ठेवलं, कारण पैशाचा विषय आला की बाईंचा आवाज बारीक व्हायचा. "ताई, मी येते तेव्हा घराची पूर्ण मापं घेते, कुठे काय बसेल ते तिथेच सांगते आणि अंदाजे खर्च दोन दिवसांत लेखी देते. त्याचे तीन हजार. काम माझ्याकडे दिलंत तर ते वळते होतात." एवढंच. स्पष्टीकरण नाही, माफी नाही.

फोनवरच खर्चाची पट्टीही सांगायची. हा माझा आग्रह होता आणि त्यांना तो अजून पूर्ण पटलेला नाही. दर सांगितला की लोक घाबरून जातात, असं डिझायनर मंडळींचं ठाम मत असतं. माझं म्हणणं, जो पाच लाखांत टू-बीएचके करायला निघालाय त्याला आठ लाखांचा आकडा ऐकून फोनवरच जाऊ द्यावं. नाहीतर तो पुनावळ्यात आपले तीन तास घेऊन मग जाणार असतो, इतकाच फरक. दर सांगताना त्यात काय धरलंय तेही सांगायचं: किचनला ७१० ग्रेडचा, पाण्याला टिकणारा प्लाय, बाकी ठिकाणी कोणता, बाहेरून एक मिलिमीटरचा लॅमिनेट, चॅनेल आणि बिजागऱ्या कोणत्या दर्जाच्या. नाहीतर समोरच्याच्या डोक्यात फक्त आकडा राहतो आणि तो दुसऱ्याच मालाच्या कोटेशनशी ताडून बघितला जातो.

नातेवाइकांच्या बाबतीत हा नियम फसला. एका जुन्या ग्राहकाच्या मावसबहिणीला तीन हजार सांगितले आणि त्या ग्राहक बाई दुखावल्या. "मी पाठवलं होतं ना?" काम गेलंच, जुनं नातंही ताणलं गेलं. मग ठरवलं की जुन्या ग्राहकाने पाठवलेल्या माणसाकडे भेट विनामूल्य, पण थ्री-डी मात्र डिझाइन फीचा पहिला हप्ता आल्याशिवाय नाही. हे आधीच सुचायला हवं होतं असं आता वाटतं, पण नियम कागदावर करताना मावसबहीण डोळ्यांसमोर नसते.

शेवटचा आठवडा कसा बांधला

किल्ली द्यायच्या पंधरा दिवस आधी सुपरवायझर आणि बाई मिळून घरभर फिरतात आणि राहिलेल्या कामांची यादी करतात. सुताराच्या शेवटच्या हप्त्यातला भाग या यादीला बांधलेला आहे. यादी संपेपर्यंत त्याचा एक माणूस त्या साइटवरून हलत नाही. खोकी यायच्या आधीचा एक दिवस फोटोग्राफरचा, आणि हा दिवस करारातच लिहिलेला, घरमालकाच्या परवानगीसह. एजन्सी बंद केल्याने तिचे महिन्याचे पैसे वाचले, त्यातून हा खर्च निघतो.

त्यानंतर मालकाला एक फाइल मिळते. कोणत्या खोलीत कोणता लॅमिनेट, त्याचा कोड, भिंतीच्या रंगाची शेड, चॅनेल कोणत्या कंपनीचं, इलेक्ट्रिकचा नकाशा. ही फाइल मुळात तक्रारी कमी व्हाव्यात म्हणून केली होती. पण शेजारी येऊन "हा रंग कुठला?" विचारतो तेव्हा मालक फाइल काढून दाखवतो, आणि फाइलवर नंबर असतो. जाहिरातीचा इतका स्वस्त प्रकार मी दुसरा बघितलेला नाही.

महिन्याने सुपरवायझर परत जातो. भांडी-कपडे भरल्यावर शटर थोडी उतरतात, बिजागऱ्या पुन्हा जुळवाव्या लागतात. आधी या कामासाठी ग्राहकाला चार फोन करावे लागत. आता न बोलावता माणूस आला की ग्राहक खूश असतो, आणि गूगलवर दोन ओळी लिहा हे सांगायची तीच वेळ. रिव्ह्यूच्या बदल्यात भेटवस्तू किंवा सूट द्यायची नाही. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि तसे रिव्ह्यू वाचणाऱ्यालाही ओळखू येतात.

एक प्रयोग बाईंच्याच डोक्यातून आला. नव्या टॉवरमध्ये पहिलं घर पूर्ण झालं की मालकाच्या संमतीने रविवारी सकाळी दोन तास ते इतर फ्लॅटधारकांना बघायला खुलं ठेवायचं. कोणता टॉवर यासाठी घ्यावा हे ठरवायला महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, वेबसाइट उपयोगी पडते. प्रकल्पात फ्लॅट किती, विकले गेले किती, पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख काय, हे तिथे कुणालाही बघता येतं. तारीख पुढे ढकलली असेल तर तेही दिसतं. पुनावळ्यातल्या अशा एका रविवारातून दोन कामं आली, भेटीसाठी वेगळा प्रवास न करता.

पंचांग आणि सुतार

इंटीरियरवाल्याचं वेळापत्रक घड्याळापेक्षा पंचांगावर जास्त चालतं. प्रत्येकाला दसऱ्याला किंवा पाडव्याला गृहप्रवेश हवा असतो, आणि बाई जुलैपर्यंत सगळ्यांना "करू" म्हणायच्या. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्याच्या मागे मोजत गेलो. पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर, त्यात वास्तुशांत कुणी करत नाही. त्याआधी २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर गणपती, कोकणातले कारागीर गावी आणि पुण्यातले रस्ते बंद. साडेतीन महिन्यांचं काम दसऱ्याला द्यायचं तर ड्रॉइंग जूनच्या मध्याला पक्कं हवं. त्यानंतर येणाऱ्याला फोनवरच सांगायचं: दसरा जमणार नाही, डिसेंबर देते. दोघं तिघं गेले. जे थांबले त्यांना तारखेप्रमाणे घर मिळालं.

पितृपक्षात साइट चालू असतात पण नवीन फोन जवळजवळ थांबतात. आधी या पंधरवड्यात त्या घाबरून जाहिरातीवर पैसे टाकत. २०२५ मध्ये तो काळ जुन्या घरांचे फोटो लावायला, गूगलवरची माहिती नीट करायला आणि पुढच्या तीन महिन्यांच्या पोस्ट लिहून वेळ लावून ठेवायला वापरला. दिवाळीनंतर राजस्थानचे सुतार गावी, बिहार-उत्तर प्रदेशचे पेंटर छठपूजेला. साइट तशाही ओस असतात, त्यामुळे तेव्हा हिशेब आणि कोटेशनं.

आठवड्याची वाटणी दिशेप्रमाणे केली. सोमवार-गुरुवार रावेतकडच्या साइट, मंगळवार-शुक्रवार कोथरूड-बाणेर, बुधवार ऑफिस. बुधवार पहिले काही आठवडे टिकलाच नाही. मिस्त्रीचा फोन यायचा, "मॅडम, पीओपीवाला उभा आहे, काय करू?" आणि बाई गाडी काढायच्या. उपाय वेळापत्रकात नव्हता, अधिकारात होता. सुपरवायझरला २,००० रुपयांपर्यंतचा खर्च आणि ठरावीक निर्णय विचारल्याशिवाय घ्यायची मुभा दिल्यावर बुधवारचे फोन कमी झाले. लॅमिनेट निवडायला ग्राहकाबरोबर अख्खा शनिवार जायचा. आता खोलीमागे तीनच नमुने आधी काढलेले असतात.

जुलै ते डिसेंबर

सहा महिन्यांत चौकश्या ४१ आल्या. सशुल्क भेटी ११, जुन्या ग्राहकांकडून आलेल्या विनामूल्य भेटी ४, कामं ६. म्हणजे कामांची संख्या जवळपास तीच, पण भेटी ४१ वरून १५ वर आल्या, अडकलेल्या तीनपैकी दोन घरांचे हप्ते वसूल झाले आणि नव्या घरांपैकी एकाचाही शेवटचा हप्ता राहिला नाही. तिसऱ्या जुन्या घराचा वाद अजून मिटलेला नाही. तिथे पैसे बुडाले असंच मी धरून चाललोय.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. ऑगस्टमध्ये एकही नवं काम ठरलं नाही, आणि बाणेरच्या एका फोर-बीएचकेची चौकशी आली तेव्हा बाईंनी मला न सांगता फुकट थ्री-डी करून दिलं. तीन वेळा बदल झाले, काम दुसरीकडे गेलं. मोठा आकडा दिसला की नियम वाकतो. मग नियमातच लिहून टाकलं की घर जितकं मोठं तितकी पहिल्या भेटीची फी जास्त.

नोव्हेंबरमध्ये ज्युनिअर नोकरी सोडून गेली. थ्री-डी बाहेरून करून घेतात, त्यात चुका होतात, आणि त्या चुका बघायला पुन्हा बाईंचाच वेळ जातो. चार साइटची मर्यादा सुपरवायझरची आहे असं आम्ही धरलं होतं. आता ती बाईंच्या स्वतःच्या ड्रॉइंग तपासण्याची निघाली. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक महिना आहे, त्यात गृहप्रवेश नसतात आणि ग्राहकही निवांत असतात. नव्या मुलीला तयार करायला तो महिना राखून ठेवलाय. एप्रिलच्या आत कुणीतरी मिळायला हवी.